सैल बंडीवरची दाय माय

मी शिंपी आहे आणि तोंडाचा फटकळ आहे, हे आमच्या रस्त्यावर कुणालाही विचारा. एखादं गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, गेल्या वर्षीचंच माप धरा," तर मी गळ्यातला टेप काढतो आणि म्हणतो, "गेल्या वर्षीचं माप गेल्या वर्षीच्या पोटाला. श्वास सोडा." माणसं रागावतात आणि परत येतात, कारण माझी पॅन्ट खुर्चीत बसल्यावर काचत नाही. खोटं बोलून कपडा शिवता येत नाही, असं माझं मत आहे. मग सख्ख्या बायकोशी मी वर्षभर, रोज दुपारी, राजरोस खोटं कसा बोललो, असं तुम्ही विचाराल. विचारा की. सांगतो.

आमची ही दुकानात माझ्या समोर बसते. मधे कापायचं लांब टेबल, अलीकडे मी आणि मशीन, पलीकडे ती. काजं, बटणं, हेमिंग, सगळी हातशिलाई तिच्याकडे. सव्वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत आमचं जे काही बोलणं झालं ते त्या टेबलावरून झालं, भांडणंसुद्धा. ती बहुतेक वेळा तोंडात टाचण्या धरून भांडते. टाचण्या धरल्या की आवाज चढत नाही, त्यामुळे शेजारच्यांना अजून वाटतं की आमचा संसार फार शांत आहे.

समोरच्या फुटपाथवर डॉक्टरीणबाईंचा दवाखाना. औषधं नाहीत, काढे नाहीत, नुसत्या सुया. चिनी पद्धतीचा उपचार. चार वर्षांपूर्वी हिची मान आखडली. उजवीकडे कोण आलंय हे बघायला अख्खी खुर्ची फिरवायची. डॉक्टरीणबाईंनी चार वेळा सुया लावल्या, मान सुटली आणि ही तिथे अडकली. आधी शंका विचारायला जायची, मग त्यांच्या फायली लावायला, आणि मग एक दिवस काज करता करता म्हणाली, "मी नाव घातलंय."

"कुठे?"

"सुयांच्या अभ्यासक्रमाला. दोन वर्षांचा आहे."

मी म्हणालो, "अगं, एकावन्नाव्या वर्षी? आणि सुयाच टोचायच्या असतील तर इथे काय कमी पडल्यात?"

"इथे कापडाला टोचते," ती म्हणाली. "सव्वीस वर्षांत एक कापड मला म्हणालं नाही, की वहिनी, बरं वाटलं."

मी कात्री शोधायला लागलो. कात्री माझ्या हातातच होती.

पास झाली की डॉक्टरीणबाई तिला हाताखाली घेणार होत्या, पूर्ण वेळ. म्हणजे टेबलापलीकडची खुर्ची रिकामी होणार. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही. उलट येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचो, "आमच्या घरात आता डॉक्टर होतेय बरं का! पोट आत घ्या." ती ऐकून मान खाली घालून हसायची.

लेखी परीक्षेत ती पहिल्या पाचात आली. हाताच्या परीक्षेत मात्र गेल्या वर्षी आपटली, आणि कशात आपटली, तर दाय मायमध्ये.

आता ही दाय माय म्हणजे काय, ते मला इतक्या वेळा सांगितलं गेलंय की झोपेतून उठवलंत तरी सांगेन. त्या शास्त्राप्रमाणे आपल्या अंगात वाहिन्या असतात आणि त्यांतून शक्ती वाहते. बारा वाहिन्या नेहमीच्या, एक फुप्फुसाची, एक यकृताची, अशा. त्याखेरीज आठ असाधारण. त्या कुठल्याही एका अवयवाच्या नाहीत. आणि या सगळ्या घोळक्यात प्रत्येक वाहिनी उभी. कुणी डोक्याकडून पायाकडे, कुणी पायाकडून डोक्याकडे. आडवी फक्त एक, कंबरेभोवती. ती दाय माय. उभ्या सगळ्यांना ही आडवी बांधून धरते. ती ढिली पडली की माणसाला कंबरभर पाण्यात बसल्यासारखं वाटतं, पाय ऐकत नाहीत, असं पुस्तकात दिलंय.

"म्हणजे पॅन्टचा पट्टा," मी म्हणालो.

"तुम्हाला जिकडेतिकडे पॅन्टच दिसते."

"अगं, पट्टा नसेल तर पॅन्ट खाली येते. तुझं पुस्तक दुसरं काय सांगतंय?"

तिनं पुस्तक उघडलं, बराच वेळ चित्राकडे बघत राहिली आणि फणकाऱ्यानं म्हणाली, "तेच सांगतंय."

नियम असा की ज्यात नापास झालात तेच पुढच्या वर्षी पुन्हा विचारतात, आणि दुसऱ्यांदा गेलात तर नाव कायमचं कापलं जातं. म्हणजे हिच्या चार वर्षांच्या धडपडीचं काय व्हायचं ते आता त्या एका आडव्या वाहिनीवर होतं. नापास होऊन आली त्या दिवशी तिनं एका शर्टाला सात बटणं लावली. शर्ट सहा बटणांचा होता. ही बाई कधी बटण चुकत नाही हो.

म्हणून मी बंडी शिवली.

पांढरं सुती कापड घेतलं, तिच्या पुस्तकातला तक्ता समोर ठेवला, आणि माझ्या स्वतःच्या मापाची एक बंडी कापली, गळ्यापासून पार मांड्यांपर्यंत. उभ्या वाहिन्या निळ्या दोऱ्यानं, असाधारण लाल. प्रत्येक बिंदूवर दोऱ्याची गाठ, म्हणजे डोळे मिटूनसुद्धा बोटाला लागावी. दाय माय तर मी दुपदरी दोऱ्यानं, दाट टाक्यांनी, कंबरेभोवती अशी सरळ रेषेत काढली की पट्टी लावून बघा. तीन आठवडे, दुपारी ती दवाखान्यात गेली की, दुकानाचं शटर ओढून हे काम चाललं होतं आणि तिला पत्ता नव्हता. टेबलावर पसरून दाखवली तेव्हा ती खुर्चीत बसलीच. गाठींवरून बोटं फिरवत म्हणाली, "पहिल्यांदा तुम्ही असं काहीतरी शिवलंत ज्याची काजं मला करावी लागली नाहीत." आणि डोळे पुसले. मी म्हणालो, "काजं उद्या करून दे, समोरून उघडी आहे." खरं म्हणजे मलाही भरून आलं होतं.

तेव्हापासून रोज एक ते तीन शटर अर्धं खाली. मी बंडी घालून कापायच्या टेबलावर आडवा. ती डोळे मिटून गाठी शोधायची आणि अंगठ्यानं दाबायची. सुया घरी टोचायच्या नाहीत असा नियम होता. त्या फक्त वर्गात टोचायच्या, शिकवणाऱ्या बाईंच्या देखत. वर्गात हात-पाय एकमेकांचे मिळायचे, पण कंबर उघडी करायला कुणी तयार नसायचं. त्यामुळे कंबर माझी.

आता या शास्त्रात अशी गोष्ट आहे की जागा बरोबर असेल तर माणसाला कळतं. दाबलं की आत ठणकतं, जड वाटतं, नाहीतर झिणझिण्या येतात. म्हणून दाबणाऱ्यानं दर वेळी विचारायचं, आणि पडलेल्यानं सांगायचं.

"लागतंय?"

"नाही."

"आता?"

"नाही."

"आता तरी?"

पहिले चार दिवस हे असंच चाललं. दर 'नाही'बरोबर तिचा चेहरा पडायचा. पुन्हा पुस्तक, पुन्हा गाठ, पुन्हा अंगठा. पाचव्या दिवशी तिनं दाबलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलंच नाही. नुसतीच बघत राहिली. मला काही ते सहन होईना. मी म्हणालो, "हां! लागलं!"

"खरंच?"

"अगं, चांगलं आतपर्यंत!"

काय सांगू तुम्हाला, तिचा चेहरा असा उजळला की मी त्या दिवशी दुपारची झोप विसरलो. तिनं वहीत तारीख घातली, वेळ घातली, 'आतपर्यंत' असं लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

झालं. एकदा 'हो' म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच जागेला 'नाही' कसं म्हणणार? मी म्हणतच गेलो. पुढे पुढे तर माझं मलाच कौतुक वाटायला लागलं. एकदा म्हणालो, मुंग्या आल्या. एकदा म्हणालो, वीज गेल्यासारखं झालं. एकदा अंगात आल्यासारखा म्हणालो, "पार टाचेपर्यंत गेलं बघ!"

तिनं पेन थांबवलं. "दाय माय टाचेपर्यंत जात नाही."

"माझी जाते," मी म्हणालो.

तिनं तेही लिहून घेतलं.

एकदा तर मी पकडला जायचा तेवढा बाकी होतो. आमचा पोस्टमन पॅन्ट घालून बघायला आला होता. हडकुळा माणूस, बरगड्या मोजून घ्या. मी कंबर मापत होतो तेवढ्यात ही टेबलाच्या पलीकडून आली आणि म्हणाली, "भाऊ, दोन मिनिटं उभे राहा हं." आणि माझ्या टेपच्या जरा खाली, जरा मागे, अंगठा दाबला. "लागतंय?"

"छे," पोस्टमन म्हणाला.

"काहीच नाही?"

"गुदगुल्या होतायत वहिनी."

ती माझ्याकडे वळली. कपाळाला आठ्या. "अहो, तुम्हाला तर इथे केवढं लागतं!"

तेव्हा तरी माझी जीभ सुटायला हवी होती. मी काय म्हणालो? "त्याला काय कळतंय? दिवसभर सायकलवर असतो, कंबर बधिर झालीय त्याची." पोस्टमन बिचारा घाबरला आणि दुसऱ्या दिवशी जाऊन कंबरेचा फोटो काढून आला.

असं ते वर्ष गेलं. ती दिवसेंदिवस खुलत चालली. डोळे मिटून, बोलता बोलता, बंडीवरची गाठ बरोबर शोधायची. दुपारी बंडीची घडी घालताना म्हणायची, "जमतंय हो आता. हात बसला." मी म्हणायचो, "बसणारच, कुणाच्या कंबरेवर शिकलीस!" आणि मग मशीनवर टीप मारत बसायचो. टीप वाकडी जायची, उसवायचो, पुन्हा मारायचो.

परीक्षेला प्रत्येकानं आपापलं माणूस आणायचं असतं. त्याला तिथे मॉडेल म्हणतात. मी इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी केली आणि मॉडेल म्हणून गेलो. बंडी पिशवीत घेतली होती. एका मोठ्या खोलीत आठ पलंग, मधे पडदे. आमच्या पलंगाशी परीक्षक बाई आल्या. किडकिडीत, चष्मा दोरीला, हातात पेन्सिल. त्यांनी बंडी दोन बोटांत धरून उलगडली, उलटसुलट बघितली आणि म्हणाल्या, "काम सुरेख आहे. खुर्चीवर ठेवा. परीक्षा अंगावर होईल."

मला शर्ट वर करून झोपवलं. परीक्षक बाईंनी सांगितलं, "दहा मिनिटं. दाय मायचा मार्ग आखा, कंबरेवरचे तीन बिंदू दाखवा, मग हाता-पायाच्या सुया लावून वाहिनी उघडा." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही विचारलं तेवढंच बोलायचं. आणि जे वाटेल तेच."

"हो," मी म्हणालो. बघा, तिथेही पहिला शब्द 'हो'च.

आमच्या हिनं डोळे मिटले. कपाळावर घाम होता. हात अगदी सराईतासारखा माझ्या कुशीवर आला, थोडा मागे सरकला, थोडा खाली उतरला आणि अंगठा रुतला.

"लागतंय?"

तोंडात 'हो' आलाच होता. वर्षभराची सवय, तो आपसूक येतो. पण मी छताकडे बघत होतो, अंगात बंडी नव्हती, आणि मला कंबर नुसतीच, कापडाशिवाय जाणवत होती. आणि एकदम माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

मी बंडीला चार इंच लूज दिला होता.

शिंपी आहे हो मी! अंगाच्या मापाला मी जन्मात कापड कापलेलं नाही. छाती छत्तीस असेल तर हात आपोआप चाळीस कापतो. माणसाला श्वास घ्यायला, वाकायला, जेवायला जागा ठेवावीच लागते. पुस्तकातला तक्ता मी इमानेइतबारे त्या चाळीसवर वाढवून घेतला होता. आणि सैल बंडी अंगात घातली की खांद्यावरून खाली उतरते आणि कुशीत मागे फिरते. सगळ्या गाठी दोन बोटं मागे, दोन बोटं खाली. ही बिचारी वर्षभर डोळे मिटून, मन लावून, माझा लूज पाठ करत होती. आणि तिला थांबवायला एकच गोष्ट होती, माझं 'नाही'. ते मी गिळून बसलो होतो.

"लागतंय का?" तिनं पुन्हा विचारलं. आवाजात जरा हसू होतं. तिला उत्तर माहीत होतं ना.

परीक्षक बाईंची पेन्सिल कागदाला टेकली होती. 'हो' म्हणालो असतो तर काय झालं असतं? बाईंना जागा दिसत होती. त्या काही पोस्टमन नव्हेत. हिनं ती चुकीची जागा माझ्या शब्दावर पेनानं पक्की केली असती आणि सगळं संपलं असतं. आणि खुर्ची रिकामी झाली नसती. हेसुद्धा माझ्या मनात आलं. आलं म्हणजे आलं, आता कशाला लपवू?

"नाही," मी म्हणालो. "काही लागत नाही."

तिनं डोळे उघडले. "नीट सांगा ना."

"नीटच सांगतोय. इथे काहीही लागत नाही."

"अहो, पण घरी..."

"घरीही नव्हतं लागत," मी म्हणालो. "कधीच नव्हतं. बंडी चार इंच सैल कापलीय मी, गाठी मागे..."

"मॉडेलनं विचारलं तेवढंच बोलायचं," परीक्षक बाई म्हणाल्या.

तिच्याकडे बघवेना, पण बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला, मग कानापासून लाल होत गेला. तो राग मी ओळखतो. त्या वेळी तोंडात टाचण्या असत्या तर बरं झालं असतं. मला वाटलं, आता ही हात काढून घेणार, पडदा सारून बाहेर जाणार. मला स्वतःचीच लाज वाटत होती आणि शर्ट वर करून झोपलेल्या माणसाला लाज लपवायलाही काही नसतं.

"सहा मिनिटं," बाई म्हणाल्या.

हिनं एक मोठा श्वास घेतला. हात माझ्या अंगावरून उचलला, पदराला पुसला आणि पुन्हा ठेवला, पण या वेळी कंबरेवर नाही, वर, बरगड्यांवर. डोळे उघडे. एकेक बरगडी बोटानं चाचपत खाली आली. शेवटच्यांपैकी एक बरगडी पुढे कुठेच जोडलेली नसते, तिचं टोक मोकळंच असतं. ते तिला सापडेपर्यंत तिनं मला असं चिवडलं की विचारू नका. मग टोकापासून सरळ खाली आली, बेंबीच्या रेषेत थांबली, आणि अंगठा दाबला. विचारायच्या आधीच मी ओरडलो.

"अगं आई गं!"

पलीकडच्या पडद्यातून कुणीतरी डोकावलं.

"लागतंय?" तिनं विचारलं. अगदी थंडपणे.

"लागतंय! सोड!"

"कसं लागतंय?"

"ठणकतंय. आत. जड. सोड ना!"

"टाचेपर्यंत जातंय का?"

"नाही!" मी म्हणालो. "टाचेपर्यंत कधीच गेलं नव्हतं!"

तिनं पेनानं खूण केली, जरा जोरातच. मग माझा उजवा हात ओढून घेतला, माझाच अंगठा माझ्याच पोटावर आडवा ठेवला. या शास्त्रात माप रोग्याच्या स्वतःच्या अंगठ्यानं घेतात, दुसऱ्याच्या नाही, टेपनं तर नाहीच. बेंबीपासून खाली तीन अंगठे मोजले, तिथून बाजूला आली, कंबरेच्या हाडापुढे दाबलं.

"इथे?"

"हो." लगेच पुढे म्हणालो, "खरंच हो."

तिसरा बिंदू त्याच्याजवळच, जरा खाली आणि पुढे. तोही लागला. तिनं तिन्ही खुणा जोडल्या तेव्हा मी मान उचलून बघितलं. रेषा सरळ नव्हतीच. मागून येत होती ती कुशीवर उंच आणि पुढे पोटाकडे खाली उतरत होती. मी आपला पट्टी लावून सरळ पट्टा शिवून बसलो होतो! पोट सुटलेल्या माणसाची पॅन्टसुद्धा पुढे खाली उतरते. चाळीस वर्षं बघतोय मी ते, आणि तरी मला सुचलं नाही.

मग सुया. पुरुषाचा आधी डावा पाय, मग उजवा हात, हा क्रम. पायाच्या चवथ्या आणि पाचव्या बोटांच्या हाडांच्या फटीत तिनं बोट फिरवलं, करंगळीची शीर चुकवली आणि सुई लावली. मी डोळे घट्ट मिटले. आयुष्यभर सुया हाताळतो मी, पण त्या टोकाच्या दुसऱ्या बाजूला असतो.

"काय वाटतंय?" परीक्षक बाईंनी स्वतः विचारलं.

"मुंग्या नाहीत," मी म्हणालो. "वीज वगैरे पण काही नाही. नुसता पाय जड झालाय. ओला बूट घातल्यासारखा."

बाईंनी लिहून घेतलं. मनगटाच्या मागे, दोन अंगठे वर, दुसरी सुई. तिथेही जड झालं. जे झालं ते सांगितलं. एकही शब्द जास्तीचा लावला नाही. मला ते फार अवघड गेलं.

वेळ संपल्यावर सुया काढल्या. परीक्षक बाईंनी कागदावर सही केली आणि तो हिच्या हातात दिला. "पास," म्हणाल्या. "पहिली जागा सफाईनं चुकलात. दुसरी हातानं शोधलीत. मला दुसरी बघायची होती." मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "हे मॉडेल मात्र पुढच्या वेळी आणू नका."

बाहेर व्हरांड्यात लाकडी बाक होता. मी मोजे घालायला बसलो. ती शेजारी बसली, मधे एका माणसाची जागा सोडून. कागद मांडीवर.

"एक वर्ष," ती म्हणाली. "अख्खी वही भरलीय माझी."

"चुकलं माझं."

"मी ते वर्गात वाचून दाखवायचे. बाई म्हणायच्या, तुमचे यजमान फारच संवेदनशील दिसतात."

मला हसू येत होतं, पण हसायची ती वेळ नव्हती. तिलाही येत असावं. तिनं ओठ मिटून धरले होते.

"आता एक विचारते," ती म्हणाली. "खरं सांगायचं. मी नापास व्हावं असं वाटत होतं का तुम्हाला?"

'वेडी आहेस का' हे उत्तर अगदी तयार होतं. बायकोला नवऱ्यानं हेच म्हणायचं असतं. मी मोजा हातात धरून बसलो.

"हो," मी म्हणालो. "रोज नाही. पण तू बंडीची घडी घालून 'हात बसला' म्हणायचीस ना, तेव्हा वाटायचं. तू गेलीस की मी त्या टेबलाशी कुणाशी बोलू? मशीनशी? मला तू समोर हवीस. दवाखान्यात नको, समोर हवीस. असं आहे बघ."

मला वाटलं, आता उठून जाईल.

"मी तरी जाणार," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"सोमवारपासून. डॉक्टरीणबाईंना परवाच सांगून ठेवलंय."

"परवा? परीक्षेच्या आधीच?"

"नापास झाले असते तरी जाणार होते. फायली लावायला, फरशी पुसायला, कशालाही." तिनं कागदाची घडी घातली. "मला काजं करायचा कंटाळा आलाय हो. आज नाही, पंधरा वर्षं झाली."

"पंधरा वर्षं?" मी ओरडलोच. "अगं, मी दर दिवाळीला, शर्टांचा ढीग पडला की तुला विचारायचो, कंटाळलीस का? तू म्हणायचीस, छे! आवडतं मला! तुमच्यासमोर बसून वेळ कसा जातो कळत नाही!"

"तुमचा चेहरा उजळायचा ना," ती म्हणाली. "मग पुढे 'नाही आवडत' कसं म्हणणार?"

पंधरा वर्षं ती रोज सकाळी त्या खुर्चीत येऊन बसली होती, आणि माझं एक वर्षसुद्धा धड निभलं नव्हतं. मोजा घालायला वाकलो, तर जड झालेला पाय उचलेना आणि समोरचं दिसेना. ती मधली जागा ओलांडून जवळ सरकली, माझा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि मोजा चढवायला लागली.

"रडताय का?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो.